रद्दीतून इतिहास वेचणारे राजवाडे

पानिपतची गोष्ट आपल्या घराघरांत सांगितली जाते. १७६० साली भाऊसाहेबांची फौज बुऱ्हाणपूरवरूनच नर्मदेकडे गेली, म्हणून डोईफोडियाच्या आपल्या मंडळींना ती अधिक जवळची. पण त्या धामधुमीतली अस्सल पत्रे आज छापील वाचायला मिळतात, त्याचे मोठे श्रेय इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांना जाते. यंदाच्या स्मरणिकेत आम्ही त्यांचे स्मरण करीत आहोत.

राजवाड्यांचे पितृछत्र लहानपणीच हरपले. डेक्कन कॉलेजातून ते पदवीधर झाले. पत्नी ऐन तारुण्यात वारली. त्यांनी पुन्हा संसार मांडला नाही. त्या काळी मराठ्यांचा इतिहास बखरी आणि ग्रँट डफ यांच्या आधारे सांगितला जाई. बखरी मागाहून लिहिलेल्या, त्यांत तिथी आणि नावांचा गोंधळ. म्हणून त्या त्या वेळी लिहिलेली पत्रे आधी पाहावीत, असा राजवाड्यांचा आग्रह होता. वाईला जुन्या पत्रांचे दप्तर हाती आले आणि १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला. त्यात १७५० ते १७६१ या काळातली पत्रे आहेत. पुढे असे बावीस खंड झाले.

त्यासाठी ते गावोगाव हिंडले, हाताने रांधून जेवले. जमिनीच्या वादाच्या भीतीने कोणी दप्तर दाखवत नसे. कुठे कागद वाळवीने खाल्लेले, कुठे पुड्या बांधण्यात संपलेले असत. मिळाले ते राजवाड्यांनी मोडीतून उतरवले आणि मूळ शब्दांतच छापले.

१९१० साली सरदार खंडेराव मेहेंदळे यांच्यासह त्यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले. स्वभाव तापट, त्यामुळे तेथेही मतभेद झाले. अखेरची वर्षे त्यांनी आपल्या खानदेशात, धुळ्याला काढली. तेथेच ३१ डिसेंबर १९२६ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचा संग्रह जपण्यासाठी लगेच धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले.

राजवाड्यांचे कित्येक निष्कर्ष आज अभ्यासक मानत नाहीत. त्यांनी वाचवलेले कागद मात्र त्यांना विरोध करणाऱ्यांच्याही उपयोगी पडतात.

आपली घराणी पिढ्यान् पिढ्या या मुलखात नांदत आहेत. आपण केव्हा आलो, कोणाची जमीन कसली, कोणाशी सोयरीक केली, हे सांगणारे कागद कदाचित माळ्यावरच्या ट्रंकेत असतील. घर नव्याने बांधताना तेच पहिले रद्दीत जातात. म्हणून आमची विनंती आहे: मोडी वाचता येत नाही म्हणून कागद टाकू नका. त्यांना चिकटपट्टी लावू नका, गठ्ठ्याचा क्रम मोडू नका. कोणाच्या घरचे, कुठे सापडले, हे वेगळ्या चिठ्ठीवर लिहून सुती फडक्यात बांधून ठेवा आणि जाणकाराला दाखवा. राजवाड्यांना हीच खरी आदरांजली.