बारा लेकरांची आई : जोसेफिन बेकर

आपल्याकडे दत्तक म्हटले की वंश, गोत्र आणि घरदार यांचा विचार आधी होतो. भाऊबंदांतला मुलगा मांडीवर घ्यावा आणि घराण्याचे नाव पुढे चालवावे, ही जुनी रीत. परंतु परमुलखात जाऊन, वर्ण आणि धर्म यांची कुंपणे ओलांडून परक्या बालकाला आपले म्हणणारी माता विरळाच. फ्रान्समधील विख्यात गायिका व नर्तिका जोसेफिन बेकर अशांपैकी एक होत्या.

जोसेफिनचा जन्म ३ जून १९०६ रोजी अमेरिकेतील सेंट लुईस शहरी एका निर्धन कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. वयाच्या आठव्या वर्षापासून ती गोऱ्यांच्या घरी धुणीभांडी करू लागली. १९१७ साली नदीपलीकडच्या ईस्ट सेंट लुईस येथे कृष्णवर्णीयांची घरे जाळण्यात आली, तेव्हा ती अकरा वर्षांची होती. कातडीच्या रंगावरून माणूस माणसाचा वैरी होतो, हे तिला कोणी शिकवावे लागले नाही.

१९२५ साली, एकोणिसाव्या वर्षी ती पॅरिसला आली आणि थोड्याच दिवसांत तिने ते शहर जिंकले. १९३७ मध्ये बेकरबाईंनी फ्रान्सचे नागरिकत्व स्वीकारले. दुसऱ्या महायुद्धात गाण्यांच्या कागदांवर अदृश्य शाईने लिहिलेला गुप्त मजकूर त्यांनी सीमेपार पोहोचविला, आणि त्याबद्दल फ्रान्सने त्यांना पदके देऊन गौरविले. मात्र त्याच काळातील गंभीर आजारानंतर त्यांना स्वतःचे मूल होण्याची आशा उरली नाही.

१९४७ साली त्यांनी संगीतकार जो बुयाँ यांच्याशी विवाह केला. दोर्दोन्य नदीच्या परिसरातील मिलांद येथील जुनी गढी विकत घेऊन त्यांनी तेथे संसार थाटला. निरनिराळ्या वर्णांची मुले एका छपराखाली सख्ख्या भावंडांसारखी वाढू शकतात, हे जगाला दाखवून द्यावे, असा त्यांचा ध्यास होता.

त्यासाठी १९५४ साली त्या जपानला गेल्या. तेथे त्यांच्या जुन्या परिचयाच्या मिकी सावादाबाई ओइसो गावी एक बालकाश्रम चालवीत होत्या. युद्धानंतर अमेरिकन सैनिक आणि जपानी स्त्रिया यांच्यापासून जन्मलेली, दोन्ही समाजांनी झिडकारलेली मुले वाढविण्यासाठी त्यांनी १९४८ मध्ये तो स्थापन केला होता. बेकरबाई एक मूल घ्यावयास गेल्या आणि दोन मुलगे घेऊन परतल्या. पुढे फिनलंड, कोलंबिया, अल्जीरिया, आयव्हरी कोस्ट, व्हेनेझुएला आणि खुद्द फ्रान्स येथून आणखी मुले आली. अशी बारा लेकरे झाली : दहा मुलगे, दोन मुली. या कुटुंबाला इंद्रधनुष्याचे नाव मिळाले.

विद्यार्थी मित्रहो, येथवरची कथा गोड आहे. परंतु चरित्र वाचावयाचे ते संपूर्ण वाचावे. ही सारीच बालके अनाथ नव्हती. दारिद्र्यापायी काहींना जन्मदात्यांनीच दुसऱ्याच्या हाती सोपविले होते. एकीची ओटी भरते तेव्हा दुसरीची रिकामी होते, हे विसरून चालणार नाही. शिवाय मिलांदला प्रवाशांची रीघ लागे आणि त्यांच्यासमोर मुलांना उभे राहावे लागे. घरखर्चासाठी आई गावोगाव गात फिरे आणि मुले दायांच्या हाती राहत. तत्त्व कितीही थोर असले तरी मूल हा त्याचा दाखला नव्हे. त्याला हवी असते ती आईची मांडी आणि चार भिंतींआडचा निवांतपणा. हे बेकरबाईंना नेहमीच साधले असे म्हणता येत नाही.

कर्ज वाढत गेले, पती दुरावले, आणि १९६९ साली त्यांना मिलांदमधून बाहेर काढण्यात आले. पण त्या विपत्तीतही त्यांनी मुलांना टाकले नाही. मोनॅकोच्या प्रिन्सेस ग्रेस यांच्या साहाय्याने जवळच रोकब्रून येथे त्यांनी पुन्हा घर मांडले आणि साठी उलटल्यावरही लेकरांसाठी रंगभूमीवर उभ्या राहिल्या. एप्रिल १९७५ मध्ये पॅरिसला त्यांचा नवा कार्यक्रम मोठ्या थाटात सुरू झाला आणि चारच दिवसांनी, १२ एप्रिल रोजी, त्यांचे निधन झाले.

३० नोव्हेंबर २०२१ रोजी फ्रान्सने पॅरिसच्या पँथिऑनमध्ये त्यांना स्थान दिले. हा मान मिळालेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. त्यांचा देह मोनॅकोतच राहिला. पँथिऑनमध्ये नेलेल्या पेटीत सेंट लुईस, पॅरिस, मिलांद आणि मोनॅको येथील माती होती.

यशोदेला आपण कृष्णाची मानलेली आई म्हणत नाही, आईच म्हणतो. कारण तिने त्याला वाढविले. बेकरबाईंची मुले मोठेपणी निरनिराळ्या देशांत पांगली, पण त्यांच्यापैकी अनेकांनी भावंडपणाचे नाते टिकविले. परदेशातून मूल आणावयास एक प्रवास पुरतो. त्याची आई होण्यास मात्र सारे आयुष्य वेचावे लागते. चुकतमाकत का होईना, बेकरबाईंनी ते वेचले.