पंडिता रमाबाई आणि उपाशी माणसाची इच्छा

माझा एक चुलतभाऊ धर्मगुरू होण्यासाठी सेमिनरीत शिकत आहे. गेल्या उन्हाळ्यात तो वसईला घरी आला तेव्हा त्याच्या पिशवीत कपड्यांपेक्षा कागदच जास्त होते. ईशज्ञानाच्या पदवीसाठी त्याला प्रबंध लिहायचा होता. विषय होता माणसाची मुक्त इच्छा आणि गरीब. देवाने माणसाला निवडीचे स्वातंत्र्य दिले आहे असे आमचे धर्मशास्त्र सांगते. पण ज्याच्या पोटात दोन दिवस अन्न नाही, त्याने केलेली निवड कितपत त्याची? मराठी टिपणे काढून देण्याचे काम माझ्याकडे आले. त्यासाठी मी महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून पंडिता रमाबाईंची चरित्रे आणली, आणि प्रबंध राहिला बाजूला, मीच बाईंच्या मागे लागले.

रमाबाई आमच्या पंथाच्या नव्हत्या. त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, पश्चिम घाटातील गंगामूळच्या अरण्यातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकविले, हाच त्या काळी मोठा अपराध ठरला. पुढे घरदार गेले आणि हे कुटुंब पुराणे सांगत तीर्थे हिंडू लागले. १८७४ च्या सुमारास दुष्काळात आईवडील अन्नान्न करीत गेले, पाठोपाठ थोरली बहीण गेली. मजुरी करावी तर जातीचा अभिमान आड येई आणि भीक मागण्याची सवय नव्हती. रमाबाई व त्यांचा भाऊ श्रीनिवास पायी देश तुडवीत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचले. तेथील विद्वानांनी या वीस वर्षांच्या मुलीला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. परीक्षेच्या आदल्या रात्री उपाशी झोपावे लागले तर मी दुसऱ्या दिवशी काय लिहीन, असा विचार माझ्या मनात येऊन गेला.

मग भाऊ गेला. बिपिनबिहारी मेधावी या परजातीच्या बंगाली वकिलाशी त्यांनी १८८० मध्ये लग्न केले. दोन वर्षांच्या आत तेही वारले. लहानग्या मनोरमेला घेऊन त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाज काढला आणि १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला.

मला खरे गुंतवून ठेवले ते यानंतरच्या भांडणाने. बाप्तिस्मा घेतला म्हणजे इंग्लंडच्या चर्चची सर्व मते निमूट मान्य केली, असे तेथील भगिनींना वाटत होते. रमाबाईंना ते मान्य नव्हते. त्रैक्याचा सिद्धांत त्यांना पटेना. गळ्यातील क्रुसावर लॅटिन शब्द कशासाठी, संस्कृत का नकोत, असे त्यांनी विचारले. आपल्याला न पटलेली मते मनोरमेला शिकवू नयेत असे कळविले. पुरुष विद्यार्थ्यांना शिकविण्यास बिशपांनी हरकत घेतली, तेव्हा त्यांच्याशीही वाद घातला. अंगावरचे कपडे, राहणे, जेवण सारे त्या भगिनींच्या आश्रयाचे. पण सद्सद्विवेक गहाण नाही. आश्रित माणसाने असे बोलायला काय लागते ते मला ठाऊक आहे. पाचवी ते दहावी माझ्या वह्या एका संस्थेकडून येत. वाटपाआधी प्रार्थना असे. मी वह्यांसाठी जात होते आणि प्रार्थनाही मनापासून करीत होते. त्यातले किती वह्यांचे आणि किती माझे, हे मला आजही वेगळे करता येत नाही.

अमेरिकेत १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजी पुस्तक लिहून त्यांनी मदत उभी केली आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. पहिल्याच मुलींत गोदूबाई होत्या, पुढे धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी झालेल्या. सदन पुण्यास गेले. तेथे काही विधवा मुली बाईंच्या खाजगी प्रार्थनेस बसू लागल्या. बाईंनी बोलावले नाही, पण दारही लावले नाही. १८९३ मध्ये गदारोळ उठला, न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि पालकांनी अनेक मुली काढून नेल्या. भावाच्या मते येथे बाई निर्दोष आहेत. मला तसे सरळ वाटत नाही. जिच्या हातून रोज ताट मिळते, तिच्या उघड्या दारात बसणारी मुलगी पूर्णपणे मोकळी असते का?

हाच प्रश्न पुढे शेकडो पटींनी मोठा झाला. १८९६-९७ च्या दुष्काळात बाई मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुलींना घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते म्हणून केडगावच्या माळावर वसाहत वसविली, तीच मुक्ती. १८९७ च्या अखेरीस यांतील बऱ्याच मुलींनी भीमा नदीत बाप्तिस्मा घेतला. १९०० च्या दुष्काळानंतर तेथे दीड-दोन हजार माणसे होती. टीकाकार म्हणाले, ही तर भाकरीची भक्ती.

आमच्या वसईला ही टीका परकी नाही. आमचे पूर्वज पोर्तुगीज अमलात, म्हणजे १५३४ ते १७३९ या काळात ख्रिस्ती झाले. ते स्वखुशीने की सत्तेच्या धाकाने, यावर आमच्याकडे लग्नाच्या मांडवातही वाद होतो. म्हणून टीकाकारांना मी उडवून लावीत नाही. पण एक गोष्ट त्यांच्या नजरेतून सुटली असे वाटते. त्या मुलींना दुष्काळात टाकून येणे म्हणजे त्यांची इच्छा राखणे नव्हे. आईबापांचे मरण पाहिलेल्या बाईंना हे कोणी सांगावे लागले नसेल. मुक्तीत मुली विणकाम शिकल्या, शेती केली, छापखान्यात खिळे जुळवले. अंध मुलींनाही ब्रेल लिपीतून शिकविले गेले. हाताला काम आणि डोळ्यांना अक्षर आले की माणूस नाही म्हणू शकतो. बाई स्वतः वाँटेजमध्ये नाही म्हणू शकल्या त्या संस्कृतच्या बळावर. मात्र मुक्तीत बाईंना नाही म्हणणाऱ्या मुलीचे पुढे काय होई, हे मी आणलेल्या एकाही चरित्रात नव्हते.

शेवटची वर्षे हिब्रू व ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर करण्यात गेली. अडाणी बाईलाही कळेल अशी साधी भाषा हवी, हा त्यांचा हट्ट. १९२१ मध्ये मनोरमा वारली. ५ एप्रिल १९२२ रोजी बाई गेल्या. ते बायबल १९२४ मध्ये मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडले.

माझी टिपणे वाचून भाऊ दोन दिवस बोलला नाही. परवा त्याचा निरोप आला. त्याने ते प्रकरण पुन्हा लिहायला घेतले आहे आणि १८९३ च्या सालातील पुस्तके पुन्हा मागितली आहेत. ती ग्रंथालयात माझ्या नावावर आहेत आणि मुदत सोमवारी संपते.