शाहू महाराजांच्या शाळा

दसरा चौकातून जाताना शाहू महाराजांच्या पुतळ्याकडे पाहून कोणा कोल्हापूरकर भगिनीचे हात जोडले जात नाहीत? राधानगरीचे धरण, खासबागेतील कुस्त्या यांविषयी आपण पुष्कळ ऐकतो. येथे त्यांच्या शाळांविषयीच थोडे सांगावयाचे आहे.

कागलच्या घाटगे घराण्यात २६ जून १८७४ रोजी जन्मलेला यशवंत दहाव्या वर्षी दत्तक होऊन करवीरच्या गादीवर आला. १८९४ साली त्याने कारभार हाती घेतला तेव्हा दरबारच्या ७१ अधिकाऱ्यांपैकी ६० ब्राह्मण होते. इतरांची मुले मागे का, याचे खापर महाराजांनी मुलांच्या माथी फोडले नाही. खेड्यातल्या पोराला शहरात राहावयास जागा नाही आणि जेवावयास भाकरी नाही, हे त्यांनी ओळखले. १९०१ पासून मराठा, जैन, मुसलमान, लिंगायत, अस्पृश्य अशा समाजांची वसतिगृहे दरबारच्या मदतीने उभी राहिली. जातवार वसतिगृहे कशाला, असे आज वाटेल. पण तेव्हा एका पंगतीस बसावयासच कोणी तयार नव्हते, आणि तोवर पोरांना उपाशी ठेवणे त्यांना पटणारे नव्हते. १९०२ साली संस्थानच्या नोकरीतील निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या गेल्या.

ब्रिटिश मुलखात गोखल्यांचे सक्तीच्या शिक्षणाचे बिल १९१२ साली नामंजूर झाले. कोल्हापुरात १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे झाले. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकास महिना एक रुपया दंड! गुरे राखणारे पोर शाळेत गेले म्हणजे घरचे हाल, हे आपणा बायकांना सांगावयास नकोच. पण महाराजांनी केवळ आईबापांना धरले नाही, आपल्या नोकरांनाही धरले. अस्पृश्यांना भेदभावाने वागविणाऱ्या नोकराने राजीनामा द्यावा, असे हुकूम १९१९ साली सुटले, आणि त्याच वर्षी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांची मुले सर्वांबरोबर बसविण्याचे ठरले. मुलींच्या शाळांची देखरेख तर त्यांच्या कारकीर्दीत रखमाबाई केळवकर यांच्याकडे होती, आणि त्यांची कन्या कृष्णाबाई दरबारच्या साह्याने डॉक्टर झाली.

६ मे १९२२ रोजी मुंबईत महाराजांचे निधन झाले. त्यापूर्वी, जून १९१८ मध्ये, धाकटे चिरंजीव शिवाजी शिकारीत अपघाताने गेले होते. त्यांच्या पत्नी इंदुमतीदेवी अगदी कोवळ्या वयाच्या. राजघराण्यातील विधवेने पडद्याआड बसावयाचे, अशी ती रीत. सासऱ्यांनी सुनेला शिक्षक ठेवून अभ्यासास बसविले.