स्वतःचाच दात पुढे लावता येतो? २५० वर्षांपूर्वी जॉन हंटर यांनी काय केलं होतं?

परभणीत काय किंवा सेलू-जिंतुरात काय, खेळताना पडून मुलाचा समोरचा पक्का दात गेला की घरचे हादरतात. जबडा वाढत असेपर्यंत इम्प्लांट बसवत नाहीत. अशा वेळी काही मुलांमध्ये त्यांचीच उपदाढ काढून पुढे लावता येते. दात दुसरीकडे रुजवण्याच्या प्रयोगांत एक मोठं नाव येतं, सर्जन जॉन हंटर यांचं.

हंटर यांचा जन्म १७२८ चा, स्कॉटलंडमधला. दहा भावंडांत ते धाकटे. १७४८ मध्ये लंडनला येऊन भाऊ विल्यम यांच्याकडे शवविच्छेदन शिकले. पुढे लष्करात सर्जन झाले. १७७१ मध्ये त्यांचा दातांवरचा ग्रंथ आला. माणसाचा दात त्यांनी कोंबड्याच्या तुऱ्यात रोवून पाहिला. तो नमुना लंडनच्या संग्रहालयात जपला गेला.

पण त्या काळात श्रीमंतांच्या तोंडात गरिबांचे दात बसवले जात. हंटर यांनीही या पद्धतीला बळ दिलं. पैशांसाठी गरीब मुलं धडधाकट दात उपटून देत. ते दात फार टिकत नसत, वर आजार पसरायची भीती. १७९३ मध्ये हंटर गेले. पुढे ही पद्धतही मागे पडली.

चुकलं कुठे? परका दात शरीर स्वीकारत नाही. स्वतःचा दात मात्र रुजतो, मुळावरचे जिवंत तंतू शाबूत असतील तर. म्हणून उपदाढेचं मूळ अर्ध्याहून जास्त, पण अपूर्ण वाढलेलं असतानाची वेळ चांगली मानतात. नंतर तिला समोरच्या दाताचा आकार देतात. आता कुणा गरिबाचा दात लागत नाही.

लक्षात ठेवा : निखळलेला पक्का दात मुळाला हात न लावता दुधात ठेवा आणि लगेच दंतवैद्यांकडे जा. तोच परत बसू शकतो.