अमृता शेर-गिल

अमृता शेर-गिल (जन्म : बुडापेस्ट, हंगेरी, ३० जानेवारी १९१३, मृत्यू : लाहोर, ५ डिसेंबर १९४१) या आधुनिक भारतीय चित्रकलेच्या आरंभकाळातील अग्रगण्य चित्रकार होत. त्यांना अवघे २८ वर्षांचे आयुष्य लाभले. त्यांपैकी १९२९ ते १९३४ ही वर्षे पॅरिसमधील कलाशाळांत व चित्रशाळांत गेली. भारतात परतल्यावर त्यांनी काढलेल्या चित्रांविषयी विपुल लेखन झाले आहे. पॅरिसमधील विद्यार्थिदशेचा उल्लेख मात्र बहुधा एखाद्या परिच्छेदात उरकला जातो. हा त्या काळावर काहीसा अन्याय आहे. कारण तेथे मिळालेले यश आणि त्या यशानंतरही न शमलेली अस्वस्थता, या दोहोंतून त्यांची पुढील वाट निघाली.

कुटुंब व बालपण

अमृता यांचे वडील उमरावसिंग शेर-गिल हे पंजाबातील मजिठिया या जमीनदार शीख घराण्यातील. संस्कृत व फारसी भाषांचे ते व्यासंगी होते आणि छायाचित्रणाचाही त्यांना मोठा नाद होता. आई मारी आंत्वानेत गॉट्समन या हंगेरियन असून त्यांनी गायनाचे रीतसर शिक्षण घेतले होते. धाकटी बहीण इंदिरा हिचा जन्म १९१४ चा. पहिल्या महायुद्धामुळे हे कुटुंब हंगेरीतच अडकून पडले आणि १९२१ मध्ये भारतात येऊन सिमल्याच्या समर हिल भागात स्थायिक झाले.

चित्रे काढण्याची आवड लहानपणापासून होती. ती पाहून आईने सिमल्यात खासगी शिक्षक नेमले. १९२४ मध्ये आई दोन्ही मुलींना घेऊन इटलीतील फ्लॉरेन्स येथे गेली व अमृताला तेथील एका कॅथलिक शाळेत घालण्यात आले. परंतु त्या कडक शिस्तीत तिचे मन रमले नाही आणि काही महिन्यांतच मायलेकी परतल्या. पुढे सिमल्याच्या कॉन्व्हेंट शाळेतून, आपण नास्तिक असल्याचे उघड सांगितल्यावरून, तिला काढून टाकण्यात आले. नेमून दिलेल्या चौकटीशी तिचे पटत नसे, हे यावरून दिसते. म्हणूनच कलाशाळेची चौकट तिने इतकी वर्षे का व कशी स्वीकारली, हा प्रश्न लक्षणीय ठरतो.

या काळात तिला सर्वांत मोलाचा सल्ला मामांकडून मिळाला. मामा एर्विन बाक्ताय हे भारतविद्येचे अभ्यासक होते आणि तरुणपणी त्यांनी चित्रकलेचेही शिक्षण घेतले होते. सिमल्याच्या मुक्कामात त्यांनी भाचीची चित्रे पाहिली. कल्पनेतल्या नायिका रंगवण्याऐवजी समोर बसलेल्या माणसाचे निरीक्षण करून रेखाटन करावे, असे त्यांनी सुचवले. घरातील नोकरचाकर व आप्तेष्ट हेच मग तिचे पहिले मॉडेल झाले. युरोपात पाठवून तिला पद्धतशीर शिक्षण द्यावे, हा विचारही तेव्हापासून घरात बळावला.

पॅरिसमधील शिक्षण

१९२९ मध्ये सगळे कुटुंब पॅरिसला गेले. इंदिराने पियानोचे शिक्षण सुरू केले, तर १६ वर्षांच्या अमृताने माँपारनास भागातील ग्रांद शोमिएर या चित्रशाळेत पिएर वायाँ यांच्याकडे नाव घातले. प्रवेशपरीक्षा नाही, ठरावीक अभ्यासक्रम नाही, समोर जिवंत मॉडेल आणि हातात कोळशाची कांडी, असा तेथील रिवाज होता. सिमल्यात तिने मुख्यतः पेन्सिल व जलरंग हाताळले होते. आता कोळशाने मानवी देहाचे वजन, सांध्यांची ठेवण, पाठीच्या कण्याचा बाक कागदावर उतरवण्याचा सराव सुरू झाला.

त्यानंतर तिने एकोल दे बोझार या फ्रान्समधील प्रतिष्ठित सरकारी कलाशाळेत ल्युसिएँ सिमाँ यांच्या वर्गात प्रवेश मिळवला. या संस्थेचे दरवाजे स्त्रियांसाठी १८९७ मध्ये उघडले होते. म्हणजे विवस्त्र मॉडेलसमोर बसून, पुरुष विद्यार्थ्यांच्या बरोबरीने शिकण्याची मुभा स्त्रियांना मिळून तेव्हा पुरती पस्तीस वर्षेही झाली नव्हती.

सिमाँ हे ब्रिटनी प्रांतातील लोकजीवनाची चित्रे काढणारे, वास्तववादी परंपरेतील चित्रकार होते. शिक्षक म्हणून त्यांची रीत निराळी होती. ते फारसे शिकवत नसत. चित्रातील तांत्रिक अडचण विद्यार्थ्याने स्वतः सोडवावी आणि आपण केवळ उत्तेजन द्यावे, असा त्यांचा प्रघात असल्याचे अमृता यांनी पुढे नमूद केले आहे. चौकटीला विटणाऱ्या या विद्यार्थिनीला हाच गुरू मानवला, यात नवल नाही.

तैलरंगातील तिच्या कामाला १९३० पासून वेग आला. व्यक्तिचित्रे, आत्मचित्रे, विवस्त्र आकृती व वस्तुचित्रे असे बहुतेक कामाचे स्वरूप होते. सुरुवातीच्या चित्रांत गडद तपकिरी व काळसर छटांचा भर आहे. प्रकाश एका बाजूने येतो आणि चेहरा अंधारातून पुढे आल्यासारखा दिसतो. हे कलाशाळेचे ठरीव वळण होते आणि ते तिने लवकर आत्मसात केले. व्यक्तिचित्रे व वस्तुचित्रे यांच्या वार्षिक स्पर्धांत तिला लागोपाठ तीन वर्षे पारितोषिके मिळाली. सहाध्यायी बोरिस तास्लित्झ्की याचे १९३० मध्ये काढलेले व्यक्तिचित्रही गौरवले गेले. (हाच तास्लित्झ्की पुढे दुसऱ्या महायुद्धात बुखेनवाल्डच्या छळछावणीत चोरून काढलेल्या रेखाटनांमुळे प्रसिद्धीस आला.) मारी लुईझ शासानी ही दुसरी निकटची सहाध्यायिनी. तिचे १९३२ मधील व्यक्तिचित्र पाहिले, तर मैत्रिणीविषयीची आपुलकी आणि तिच्या चेहऱ्यावरील थकवा न लपवणारी नजर, दोन्ही एकाच वेळी जाणवतात.

मॉडेलला पैसे मोजावे लागत. त्यामुळे वर्गाबाहेर बहीण, मैत्रिणी, मामेभावंडे आणि आरशातली आपण स्वतः यांच्यावरच बरेचसे काम चाले. आत्मचित्रांची मोठी संख्या पाहून काही लेखकांनी त्यांत आत्ममग्नता पाहिली आहे. ती असेलही; परंतु आरशासमोर बसण्यास मोल पडत नाही, ही विद्यार्थ्यांच्या जीवनातील साधी गोष्टही ध्यानात घ्यावयास हवी. शिवाय ही आत्मचित्रे एकमेकांसारखी नाहीत. कधी ती हसरी, नटलेली युरोपीय तरुणी आहे, कधी कुंचला हाती घेतलेली चित्रकार, तर कधी साडी ल्यालेली परकी व्यक्ती. आपण नेमके कोण, हे ठरलेले नसताना काढलेली ही चित्रे आहेत.

घरातील वातावरण नेहमीच अनुकूल होते असे नाही. मुलीच्या गुणांचा आईला अभिमान होता. तिचे लग्न श्रीमंत घरी व्हावे, अशी आकांक्षाही होती. १९३१ मध्ये संयुक्त प्रांतातील एका जमीनदाराचा मुलगा यूसुफ अली खान याच्याशी अमृताचा साखरपुडा झाला आणि तो लवकरच मोडला. या काळातील मनस्तापात आधार मिळाला तो हंगेरीतील मावसभाऊ व्हिक्टर एगान याचा. तो वैद्यकाचा विद्यार्थी होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत अमृता हंगेरीला जात असे. तेथे काढलेल्या खेडुतांच्या व जिप्सींच्या चित्रांत वर्गातल्या काळसर छटा निवळू लागल्या होत्या.

‘यंग गर्ल्स’ आणि त्यानंतर

१९३२ मध्ये काढलेले ‘यंग गर्ल्स’ हे या शिक्षणकाळातील सर्वांत महत्त्वाचे चित्र. त्यात दोन तरुणी समोरासमोर बसल्या आहेत. नीटनेटका पोशाख केलेली, आत्मविश्वासाने बसलेली इंदिरा आणि अर्धवट वस्त्रातील, मोकळ्या सोनेरी केसांनी चेहरा झाकला गेलेली फ्रेंच मैत्रीण. एक स्वतःला दाखवते, दुसरी लपते. हे चित्र १९३३ मध्ये ग्रां सालों या प्रदर्शनात मांडले गेले आणि त्याच्या बळावर अमृता यांना या संस्थेचे सहसदस्यत्व मिळाले. वयाच्या विसाव्या वर्षी हा मान मिळवणाऱ्या त्या सर्वांत तरुण, आणि आशियातील एकमेव, चित्रकार ठरल्या.

एखाद्या विद्यार्थ्याने येथे समाधान मानले असते. अमृता यांच्याबाबतीत मात्र अस्वस्थता याच सुमारास वाढली. सेझान व गोगँ यांची चित्रे पाहून, प्रकाश-छायेची कसरत टाळूनही आकाराला वजन देता येते, सपाट रंगक्षेत्रे बोलू शकतात, हे त्यांना कळले होते. १९३३ मधील ‘प्रोफेशनल मॉडेल’ या चित्रात कलाशाळेतील मॉडेलच विषय झाले आहे. पण ते डौलदार नाही. ओघळलेला देह, खचलेले खांदे, शून्य नजर. रोज अनेकांच्या कागदावर उतरणाऱ्या बाईकडे कोणी माणूस म्हणून पाहते का, असे हे चित्र विचारत आहे.

सिमाँ यांच्याही लक्षात हे आले असावे. पश्चिमेतील करड्या चित्रशाळांत ही मुलगी आपल्या जागी नाही, तिच्या रंगांची समृद्धी पाहता पूर्वेच्या उजेडातच तिला खरे वातावरण लाभेल, असे ते म्हणत, अशी नोंद अमृता यांनी केली आहे. १९३३ च्या अखेरीपासून भारतात परतण्याची ओढ अनावर झाली.

अडचण वडिलांकडून आली. मुलीचे पॅरिसमधील मोकळे वागणे भारतात नातेवाइकांत चर्चेचा विषय होईल, अशी त्यांना धास्ती होती. भारतीय कलेविषयी तिला खरी आस्था आहे का, याचीही शंका होती. सप्टेंबर १९३४ मध्ये अमृता यांनी वडिलांना लिहिलेले पत्र या दृष्टीने महत्त्वाचे आहे. आधुनिक युरोपीय कलेनेच आपल्याला भारतीय चित्र-शिल्पाकडे पाहण्याची दृष्टी दिली, युरोपला आलो नसतो तर अजिंठ्याच्या एका भित्तिचित्राची किंवा पॅरिसच्या म्युझे गिमेमधील एका लहानशा शिल्पाची थोरवी समजलीच नसती, अशा आशयाचे प्रतिपादन त्यात आहे. गंमत अशी की, अजिंठा तोवर त्यांनी प्रत्यक्ष पाहिला नव्हता. १९३४ च्या अखेरीस त्या भारतात परतल्या.

भारतातील काम

पॅरिसचे प्रशस्तिपत्र येथे अडचणीचेही ठरले. १९३५ मध्ये सिमल्यातील कलासंस्थेने त्यांची काही चित्रे प्रदर्शनासाठी नाकारली आणि एका चित्राला पारितोषिक देऊ केले. अमृता यांनी ते परत केले. अवघ्या २२ वर्षांच्या चित्रकर्तीचा हा ताठा अनेकांना खटकला.

‘तीन मुली’, ‘मदर इंडिया’ आणि पहाडी स्त्री-पुरुषांची चित्रे याच वर्षातील. ‘तीन मुली’ला १९३७ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. विषय पूर्णतः भारतीय असला तरी आकृतींची भक्कम बांधणी, हातांचे अचूक रेखाटन आणि संयोजनातील तोल यांमागे पॅरिसच्या वर्गातील वर्षे उभी आहेत. पॅरिसचे संस्कार पुसून त्या भारतीय झाल्या, हे सर्रास केले जाणारे विधान म्हणूनच तपासून घेण्याजोगे आहे.

१९३६ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात त्यांच्या चित्रांचे प्रदर्शन भरले. वकील व कलासमीक्षक कार्ल खंडालावाला यांच्याशी स्नेह जुळला तो याच वेळी. त्यांच्या संग्रहातील लघुचित्रे पाहून बसोली व राजपूत शैलींचा प्रभाव पुढे वाढला. मुंबईहून त्या अजिंठा-वेरूळला गेल्या. पत्रात ज्याची थोरवी सांगितली होती, ते अजिंठा दोन वर्षांनी डोळ्यांपुढे आले. तेथून हैदराबादमार्गे त्या दक्षिणेत कन्याकुमारीपर्यंत फिरल्या. ‘वधूचा शृंगार’, ‘ब्रह्मचारी’ आणि ‘बाजाराला निघालेले दक्षिण भारतीय ग्रामस्थ’ ही १९३७ मधील तीन चित्रे त्या प्रवासाचे फलित होत. त्यांतील तांबूस मातकट रंग व लयबद्ध रांगा पाहताना भित्तिचित्रांची आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

१९३८ मध्ये हंगेरीत व्हिक्टर एगान यांच्याशी त्यांचा विवाह झाला. भारतात परतल्यावर हे दांपत्य गोरखपूरजवळील सराया येथे मजिठिया कुटुंबाच्या जहागिरीत राहिले. तेथे एकांत होता, परंतु चित्रे विकली जात नसत आणि रसिकांची संगतही नव्हती. सप्टेंबर १९४१ मध्ये दोघे लाहोरला आले. तेथे डिसेंबरात एकल प्रदर्शन भरवण्याची तयारी चालू असता अमृता अचानक आजारी पडल्या आणि ५ डिसेंबर रोजी त्यांचे निधन झाले. घराच्या गच्चीवरून दिसणाऱ्या काळ्या म्हशींचे व आवाराचे एक चित्र चित्रफळीवर अपूर्ण राहिले. ठरलेले प्रदर्शन त्यांच्या पश्चात भरवण्यात आले.

भारत सरकारने १९७६ मध्ये त्यांच्या चित्रांना राष्ट्रीय कलानिधीचा दर्जा दिला. ‘यंग गर्ल्स’सह त्यांच्या चित्रांचा सर्वांत मोठा संग्रह नवी दिल्लीतील राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहे. पॅरिसमधील काळोख्या छटांची चित्रे आणि ‘ब्रह्मचारी’सारखी उजळ चित्रे तेथे एकाच इमारतीत पाहावयास मिळतात. त्यांची पत्रे भाचे व चित्रकार विवान सुंदरम् यांनी संपादित करून २०१० मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध केली.