गाडगेबाबांचा खराटा आणि आपण

आपल्या पुष्कळ विहारांत तथागत बुद्ध, महात्मा फुले आणि परमपूज्य बाबासाहेब यांच्या तसबिरींशेजारी गाडगेबाबांचीही तसबीर असते. ती तेथे असावी की नसावी, यावर नवदीक्षित कुटुंबांत अधूनमधून वाद निघतो. काहींना वाटते की बाबांनी धम्मदीक्षा घेतली नाही, आयुष्यभर कीर्तन केले, देवाचे नाव घेऊन भजन केले. मग आपला त्यांच्याशी संबंध काय? काहीजण पुण्यतिथीला हार घालतात, अगरबत्ती लावतात आणि घरी जातात. आणखी एक अडचण आहे, ती सहसा कोणी बोलून दाखवीत नाही. गावाची घाण काढणे आणि मेलेली ढोरे ओढणे ही कामे पिढ्यान्‌पिढ्या आपल्या माथी मारलेली होती. १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी ही लाचारी टाकून देण्यास सांगितले. ज्यांच्या आजोबांनी मोठ्या हिमतीने गावकीचा झाडू खाली ठेवला, त्यांच्या नातवापुढे खराटा हातात घेतलेला संत उभा केला तर त्याच्या मनात काहीतरी खुपणारच. म्हणून त्या खराट्याची हकिगत आधी समजून घेतली पाहिजे.

बाबांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जाणोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी, परीट जातीत झाला. वडील दारूपायी गेले तेव्हा डेबू अगदी लहान होता. आई सखूबाईने मुलाला घेऊन मुर्तिजापूर तालुक्यातील दापुरे हे माहेर गाठले. तेथे मामाची गुरे राखणे, नांगर धरणे, पूर्णा नदीत पोहणे यात त्याचे बालपण गेले. शाळेचे तोंड त्याने पाहिले नाही. पुढे मामाची जमीन सावकाराच्या कर्जात गेली. दस्तावर काय लिहिले आहे हे ज्याला वाचता येत नाही, त्याचे अंगठ्यापायी काय होते, ते डेबूजींनी स्वतःच्या घरात पाहिले. दारू, कर्ज आणि निरक्षरता या तीन गोष्टींवर बाबा पुढे पन्नास वर्षे बोलत राहिले. त्या त्यांना पुस्तकात सापडलेल्या नव्हत्या.

मुलीच्या बारशाला जातभाईंना दारू-मटणाचे जेवण घालायची रीत होती. डेबूजींनी गोडाचे जेवण घातले आणि जातीचा रोष पत्करला. हा प्रसंग छोटा वाटतो. पण ज्यांनी आपल्या वस्तीत एखादी जुनी रीत मोडून पाहिली आहे, त्यांना त्याची किंमत ठाऊक आहे. १ फेब्रुवारी १९०५ रोजी पहाटे त्यांनी घर सोडले. अंगावर ठिगळांचे वस्त्र, हातात काठी आणि एक फुटके मडके, म्हणजेच गाडगे. त्यावरूनच लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले.

बाबांची कामाची पद्धत पाहण्यासारखी आहे. गावात शिरल्यावर ते पाटलाच्या वाड्यावर किंवा देवळात जात नसत. खराटा घेऊन रस्ता झाडू लागत, तुंबलेली गटारे मोकळी करीत. भाकरी मागायची ती काम केल्यावर. पाया पडायला कोणी आले तर काठी उगारत. दिवसभर हा वेडा कोण म्हणून बघणारे गावकरी हळूहळू हाताला हात लावीत, आणि रात्री त्याच झाडलेल्या जागेत कीर्तन होई. येथे आपल्या प्रश्नाचे उत्तर सापडते. जो झाडू जातीने एकाच्या हातात कोंबलेला होता, तो बाबांनी पाटलाच्या, वाण्याच्या आणि सावकाराच्या पोरांच्या हातात दिला. आपल्या लोकांनी खाली ठेवलेला झाडू परत उचलावा, असा त्याचा अर्थ कोणी लावू नये.

कीर्तन वऱ्हाडी बोलीत असे आणि ते बहुतांशी प्रश्नोत्तरांचेच असे. बाबा विचारीत, लोक उत्तर देत, आणि उत्तर देता देता आपल्याच तोंडाने आपली चूक कबूल करून बसत. ज्या दगडाला अंगावर आलेले कुत्रे हाकलता येत नाही, तो तुमचे संकट कसे हाकलणार, असा त्यांचा रोकडा सवाल असे. नवसाला बोकड कापू नका, दारू पिऊ नका, कर्ज काढून लग्न करू नका, अस्पृश्यता पाळू नका, आणि घरची भांडी विकावी लागली तरी चालेल पण मुलाला शाळेत घाला, हे त्यांचे सांगणे. प्राणिहिंसा आणि मद्य ही दोन शीले तर यात सरळच आली. मात्र बाबांना बळेच बौद्ध करण्याची गरज नाही. त्यांनी भजनाची भाषा सोडली नाही, हे खरे आहे आणि ते खरे म्हणूनच सांगावे.

पूर्णेच्या काठी ऋणमोचन नावाचे क्षेत्र आहे. नावाप्रमाणे तेथे स्नान केले की ऋण फिटते अशी समजूत. पौष महिन्यातल्या रविवारी तेथे जत्रा भरे, आणि माणसे चिखलात घसरून पडत. मामाची जमीन कर्जात गेलेली पाहिलेल्या या माणसाने तेथे घाट बांधायला घेतला. पुढे मुर्तिजापूर, नाशिक, देहू, आळंदी, पंढरपूर येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या, अंधपंगूंसाठी अन्नछत्रे निघाली, मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ रुग्णांच्या नातलगांसाठी निवारा झाला. या सर्व मिळकती विश्वस्तांच्या हाती दिल्या आणि आपल्या नातलगांचा त्यांवर काही हक्क राहणार नाही अशी व्यवस्था करून ठेवली. आई आणि पत्नी कुंताबाई झोपडीत राहिल्या. आपल्या संस्थांचे हिशेब पाहणाऱ्यांनी हा भाग दोनदा वाचावा.

पंढरपूरच्या धर्मशाळांबद्दल मात्र एक प्रश्न मनात येतो. तेथे मराठ्यांची वेगळी, परिटांची वेगळी आणि अस्पृश्य वारकऱ्यांसाठी चोखामेळा धर्मशाळा वेगळी. जातिभेदावर कोरडे ओढणाऱ्याने जातवार धर्मशाळा का बांधाव्यात? माझ्या मते ही तडजोडच होती. विठ्ठलाचे मंदिर अस्पृश्यांना १९४७ पर्यंत बंद होते. साने गुरुजींच्या उपोषणानंतर ते उघडले. तोवर आपल्या वारकऱ्यांना चोखोबाच्या समाधीपुढे जाता येत नसे आणि गावात रात्री पाठ टेकायला जागा मिळत नसे. पावसात उभ्या असलेल्या माणसाला आधी छप्पर द्यावे, असे बाबांनी ठरवले. परंतु छप्पर मिळाल्याने जात जात नाही. जुन्याच घरात राहून ते झाडीत बसायचे, की ते घर सोडून बाहेर पडायचे? या प्रश्नाचे उत्तर बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दिले, आणि ते गाडगेबाबांच्या उत्तरापेक्षा वेगळे आहे.

तरीही हे दोन मार्ग एका जागी भेटले, आणि ती जागा पंढरपुरातच आहे. १९४९ साली बाबा मुंबईत आजारी होते. बाबासाहेब तेव्हा देशाचे कायदामंत्री. ते भेटीला गेले, आणि कोणाकडून काही न घेणाऱ्या बाबांनी त्यांनी नेलेल्या दोन घोंगड्या ठेवून घेतल्या, असे सांगितले जाते. त्याच सुमारास चोखामेळा धर्मशाळेची इमारत बाबांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला वसतिगृहासाठी देऊन टाकली. जेथे आपला वारकरी दर्शनाविना परत फिरण्याआधी रात्र काढी, तेथे आपली मुले अभ्यासाला बसू लागली. कीर्तनात मुलाला शाळेत घाला म्हणणाऱ्याने या देणगीने आपला शब्द पुरा केला.

कर्मवीर भाऊराव पाटलांशीही बाबांचा स्नेह होता. रयत शिक्षण संस्थेने १९५४ साली कराडला काढलेल्या महाविद्यालयाला बाबांचेच नाव आहे. २०००-०१ पासून महाराष्ट्र शासनाने त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान चालवले, २००५ साली अमरावती विद्यापीठाला त्यांचे नाव मिळाले. सरकारी फलकांवर खराटा दिसतो. सावकार, नवस आणि दगडाचा देव यांविषयी बाबा जे बोलत, ते फलकावर येत नाही. आपणही काही कमी नाही. आपल्या मंगलपरिणयात त्रिसरण-पंचशील होते, पण मांडवाचा आणि बँडचा खर्च पुष्कळ ठिकाणी कर्जाचाच असतो. सावकाराची पेढी जाऊन फायनान्सवाल्याचे कार्यालय आले, इतकाच फरक. मुलीच्या कॉलेजची फी भरायला नसते, पण जेवणावळीला असते.

१९२३ साली बाबांचा एकुलता एक मुलगा गोविंदा वारला. ही बातमी कीर्तन चालू असताना आली, आणि कीर्तन थांबले नाही. शेवटपर्यंत त्यांचे फिरणे असेच चालू होते. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे जात असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर, गाडीतच, त्यांचे निधन झाले. अमरावतीत जेथे त्यांची समाधी आहे, त्या भागाला आज गाडगेनगर म्हणतात. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाला त्या दिवशी चौदा दिवस झाले होते.