मलिक अंबर : विकला गेलेला मुलगा, राज्य सावरणारा वजीर

राजपुरीच्या धक्क्यावरून होडीने जंजिऱ्याकडे निघालेल्या प्रवाशांची नजर तटावर आणि तोफांवर खिळते. त्या तटामागे ज्या माणसांचा इतिहास आहे, त्यांची आठवण थोड्यांनाच होते. जंजिरा हे नाव ‘जझीरा’ या बेटवाचक अरबी शब्दापासून आले. आसपासच्या मुलखाला पूर्वी हबसाण म्हणत, कारण तेथे हबशांचा, म्हणजेच सिद्दींचा अंमल होता. त्याआधी हा किनारा अहमदनगरच्या निजामशाहीकडे होता. त्या निजामशाहीचा सर्वांत थोर वजीरही हबशीच होता. त्याचे नाव मलिक अंबर.

हबश देशाशी इस्लामचे नाते जुने आहे. मक्केतील छळ असह्य झाला तेव्हा मुस्लिमांच्या पहिल्या जथ्याला हबशच्या राजाने, नजाशीने, आश्रय दिला. हबशी मातेचे पुत्र हजरत बिलाल (रजि.) यांना हजरत अबू बक्र (रजि.) यांनी गुलामीतून सोडविले, आणि मक्काविजयाच्या दिवशी काबागृहाच्या छतावरून अजान देण्याचा मान प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांनाच दिला. गुलाम मुक्त करणे हे पुण्यकर्म ठरले, आणि जकातीच्या आठ खर्चांपैकी एक त्यासाठी नेमला गेला. तरीही पुढील शतकांत मुस्लिम देशांतही माणसांचे बाजार भरत राहिले, ही खेदाची गोष्ट कबूल केली पाहिजे.

त्याच बाजारात सुमारे 1548 मध्ये हबश देशात जन्मलेला एक मुलगा विकला गेला. हातोहात विकला जात तो बगदादच्या एका व्यापाऱ्याकडे आला. तेथे त्याने इस्लाम स्वीकारला, लिहिणे-वाचणे व कारभार शिकला आणि त्याला अंबर हे नाव मिळाले. पुढे तो दख्खनेत आला व निजामशाहीचा वजीर चंगेजखान याने त्याला विकत घेतले. चंगेजखान स्वतः हबशी आणि पूर्वाश्रमीचा गुलाम होता. राज्य कसे चालते, हे अंबरने याच धन्याच्या पदरी राहून पाहिले. चंगेजखानाच्या मृत्यूनंतर त्याच्या विधवेने अंबरला मुक्त केले.

मुक्त अंबर काही काळ विजापूरच्या सेवेत राहिला. मग पुन्हा निजामशाहीत परतला. 1600 मध्ये चांदबीबी मारली गेली आणि अहमदनगरचा किल्ला मोगलांच्या हाती पडला. राज्य संपल्यातच जमा होते. अंबरने परांड्यास निजामशाही घराण्यातील मुर्तजा याला गादीवर बसविले आणि स्वतः कारभार हाती घेतला. हबशी, दख्खनी मुस्लिम आणि मराठे यांना एकत्र करून त्याने गनिमी काव्याने मोगलांना पाव शतक झुंजविले. 1624 मध्ये भातवडीच्या लढाईत त्याने मोगल आणि विजापूर यांच्या संयुक्त फौजेचा पराभव केला. त्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले.

परंतु त्याची खरी थोरवी रयतेच्या कामात दिसते. जमिनीचा कस पाहून सारा ठरविण्याची त्याची पद्धत ‘मलिकंबरी’ म्हणून दीर्घकाळ ओळखली गेली. 1610 मध्ये त्याने वसविलेली खडकी म्हणजेच पुढचे औरंगाबाद. त्या शहराला भूमिगत नहरीतून पाणी मिळाले.

बादशहा जहांगीर अंबरच्या काळ्या रंगावरून त्याची निर्भर्त्सना करी. अंबरच्या कापलेल्या शिरावर आपण बाण मारीत आहोत, असे चित्रही त्याने काढून घेतले. मात्र ते शिर त्याला कधीच मिळाले नाही. 1626 मध्ये अंबर नैसर्गिक मृत्यूने अल्लाहच्या भेटीस गेला. त्याची कबर खुलताबादला आहे.

वाचकहो, जहांगीरची ती नजर अजून आपल्या घरांतून गेलेली नाही. निकाहच्या बोलणीस बसताना मुलीचा दीन आणि स्वभाव विचारण्याआधी तिचा रंग विचारलेला मी अनेकदा ऐकतो. हजच्या आखरी खुतब्यात प्रेषितांनी (स.) काळ्या-गोऱ्याचा भेद मोडून तकवा हीच श्रेष्ठत्वाची कसोटी ठरविली. तो खुतबा आपण मिंबरवरून सांगतो आणि दिवाणखान्यात विसरतो.

माझी आशा साधी आहे. आपल्या किनाऱ्यावरील सिद्दी मुलाला अंबरचे चरित्र शाळेच्या वयातच कळावे, आणि आपले पूर्वज केवळ राखणदार शिपाई नव्हते, राज्यकर्ते आणि नगरे वसविणारेही होते, हे त्याने ताठ मानेने सांगावे. कर्नाटकात व गुजरातेत मोलमजुरी करणाऱ्या सिद्दी कुटुंबांची मुले उच्च शिक्षणापर्यंत पोहोचावीत. एका हबशी वजिराच्या घरात अंबरला शिकण्याची संधी मिळाली, म्हणून तो घडला. आज तशी संधी देण्याची ऐपत आपल्यापैकी अनेकांना आहे. एका मुलाची फी भरणे, त्याला आपल्या दस्तरखानावर बरोबरीने बसविणे आणि त्याच्या घरी सोयरीक करताना न कचरणे, एवढे तरी आपल्या हातून घडावे. अल्लाह आपल्याला याची तौफीक देवो. आमीन.